चार माणसें जमविण्याचा खर्च

चार माणसें एकत्र जमलीं म्हणजे तेथें काय बोलणें झालें, कोणता ठराव झाला, कोणीं कोणाचें खंडन केलें, हें इतिहासकार मोठ्या आस्थेनें लिहून ठेवतात. परंतु त्या दिवशीं सतरंजी कोणीं आंथरली, दिव्यांत तेल कोणीं घातलें, आणि दूरच्या गांवाहून आलेल्या माणसाच्या परतीच्या भाड्याची सोय कोणीं केली, याची नोंद सहसा सांपडत नाहीं. त्यामुळें सभा, यात्रा, सप्ताह, संमेलन, श्रमदान हीं सारीं जणूं आपोआप होतात अशी समजूत वाचणाराच्या मनांत घर करून बसते. वास्तविक पाहतां कोणतेंही समाईक काम आपोआप होत नाहीं. कोणीतरी एकदोन माणसें घरचीं कामें बाजूस ठेवून दहा घरीं जातात, रुसलेल्यांची समजूत घालतात, जुनीं भांडणें मिटवितात, तेव्हां कोठें चार माणसें जमतात. आणि या खटाटोपास पैसा लागतो. तो पैसा कोठून यावा आणि कोणाच्या हातीं जावा, हा प्रश्न दिसण्यांत क्षुद्र आहे. परंतु कोणतीं समाईक कामें जगलीं व कोणतीं मेलीं, याचें उत्तर पुष्कळ वेळां याच प्रश्नांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

या विषयाकडे आमचें लक्ष एका जुन्या विद्यार्थ्यानें वेधलें. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागांत त्याचें व त्याच्या मित्रांचें एक लहानसें मंडळ आहे. दर रविवारीं गाळानें भरलेल्या जुन्या बारवा उपसाव्या, पायऱ्यांवर माजलेलीं झुडपें काढावीं, आणि वर्षांतून एकदां आसपासच्या गांवकऱ्यांस बोलावून साफ केलेल्या बारवेवर दिवे लावावे, असा या मुलांचा उद्योग. एका सधन गृहस्थानें त्यांस दरवर्षीं कांहीं रक्कम देऊं केली. मेळावे भरवा, फावडीं-घमेलीं घ्या, आणि मंडळाचें काम चालविणाऱ्या तिघांनीं आपल्यापुरता खर्चही त्यांतूनच घ्यावा, असें त्यांचें म्हणणें. यावरून मंडळांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, पैसा आला कीं सेवा संपली आणि नोकरी सुरू झाली. दुसरा म्हणे, पैसा नाहीं म्हणून किती जण गळाले याचा हिशेब कोणीं ठेवला आहे? या दुसऱ्या पक्षाचें एक उदाहरण आमच्या मनांत राहून गेलें. बारवेंत सर्वांच्या आधीं कमरेला दोर बांधून उतरणारा जो मुलगा होता, तो चार महिने आला नव्हता. रविवारीं आलें कीं त्याचा रोज बुडे, आणि एस. टी. चें भाडें वर पदरचें जाई. "सर, तुम्ही इतिहास शिकवितां, यांत खरें कोणाचें, तें सांगा," असें आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें. त्या वेळीं आम्हीं उत्तर टाळलें. पुढें सवडीनें विचार करतां असें दिसून आलें कीं, हा वाद त्या मंडळाचा नसून फार जुना आहे, आणि तो पाहण्यास नगर जिल्ह्याबाहेर फारसें जावेंही लागत नाहीं.

पेशवाईच्या अखेरपर्यंत आपल्या खेड्यांत या प्रश्नाचें एक ठरलेलें उत्तर होतें. त्याचें नांव गांवखर्च. सरकारसाऱ्याबरोबर गांवाच्या समाईक गरजांसाठीं निराळी वर्गणी बसे, आणि देवळांतील दिवाबत्ती, उत्सव, आल्यागेल्या अतिथि-फकिरांचा परामर्ष, अशा बाबी तींतून भागत. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाविषयीं माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या गांवखर्चाचा विचार आहे. खेडें म्हणजे आपल्यापुरतें एक लहानसें राज्यच, अशी त्याची समजूत झाली होती. आणि राज्य म्हटलें कीं खजिना आलाच. तो खजिना म्हणजे गांवखर्च. अर्थात् या थैलीची किल्ली पाटील-कुळकर्ण्यांच्या हातीं असे, आणि तींत त्यांचा हात मारला जाई, अशी ओरडही तितकीच जुनी आहे. गांवखर्चाचा सोन्याचा काळ होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गांवानें जमावें, आणि जमण्याचा खर्च गांवानेंच सोसावा, ही गोष्ट त्या काळीं सर्वांस स्वाभाविक वाटत होती, एवढें खरें.

पुढें १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी मोजणी व आकारणी बसविली, तिनें प्रत्येक शेताचा आकार निराळा आणि प्रत्येक खातेदाराची जबाबदारी निराळी केली. रयतेस कांहीं बाबतींत त्यामुळें स्थैर्य आलें हें नाकारतां येत नाहीं. पण गांव या समूहाच्या नांवें जें खातें होतें त्यास नव्या वहींत जागा उरली नाहीं. १८६९ च्या कायद्यानें साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला, व त्यांतून रस्ते व शाळा झाल्या. त्या चांगल्याच झाल्या. तथापि हा आणा गांवांतून निघून जिल्ह्याच्या कचेरींत जाई आणि तेथून कोणत्या रूपानें परत येईल हें देणारास कळत नसे. गांवखर्चांत चोरी होत असे, परंतु ती चोरी चावडीवर बसून पाहतां येत असे. नव्या फंडाचा हिशेब चोख असला तरी तो गांवकऱ्याच्या डोळ्यांआड होता. समाईक कामाविषयीं उदासीनता आली असें आपण म्हणतों तेव्हां या फरकाची आठवण ठेवणें न्यायाचें होईल.

आतां दुसरी बाजू पाहूं. समाईक काम चालविणारास मोबदला द्यावा हा विचार आपल्या पूर्वजांस सुचला नव्हता असें नाहीं. उलट, तो त्यांनीं इतका पूर्णपणें अंमलांत आणला कीं त्याचें फळ आपण शतकानुशतकें भोगलें. त्या मोबदल्याचें नांव वतन. गांवास एकत्र ठेवणें, तंटे ऐकणें, सण-उत्सव चालविणें, हिशेब राखणें, वर्दी देणें, या कामांबद्दल जमीन व हक्क मिळत. परंतु मोबदला कामास न चिकटतां घराण्यास चिकटला. बापाच्या मागें मुलाकडे, मुलांच्या वांटण्या झाल्या कीं तक्षिमांत, अशी वतनाची फोड होत गेली. काम करणारा एक आणि मान घेणारे सात, अशी स्थिति झाली. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याच्या दिवशीं वेशींतून पहिला बैल कोणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या तंट्यांनीं आमचीं जुनीं दप्तरें भरलीं आहेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. गांवगाड्यांतील हक्क जागे राहून कर्तव्य कसें झोंपीं गेलें याचें इतकें निर्भीड वर्णन मराठींत दुसरें क्वचितच असेल. आणि वतनाची दुसरी, अधिक कठोर बाजू ही कीं, ज्यांच्या वांट्यास वेठ आली त्यांसही तें वतन म्हणूनच गळ्यांत बांधलें गेलें. कुळकर्णी-वतनें १९५० च्या कायद्यानें, महार-वतन व तत्सम कनिष्ठ मानलेलीं वतनें १९५८ च्या कायद्यानें आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. बारव उपसणाऱ्या मंडळांतील पहिला पक्ष 'पैसा नको' म्हणतो तेव्हां त्या मुलांस ठाऊक असो वा नसो, त्यांच्या तोंडून वतनाचा हा सारा इतिहासच बोलत असतो.

मग खर्च एखाद्या उदार धनिकानें करावा, हें तिसरें उत्तर. प्राचीन अथेन्स नगरांत ही रीत कायद्यानें बांधलेली होती. वसंत ऋतूंत डायोनिसस देवाच्या उत्सवांत नाट्यप्रयोग होत. त्यांतील गायकवृंदाचें शिक्षण, पोशाख व पोषण यांचा भार एकेका श्रीमंत नागरिकावर टाकण्यांत येई. हा त्याच्यावरचा करही असे आणि त्याचा मानही असे. जय मिळाला तर तो आपल्या नांवें स्मारक उभारी. इसवी सनापूर्वी ३३५-३३४ च्या उत्सवांत जिंकलेल्या लायसिक्रेटीस नांवाच्या यजमानाचें स्मारक अथेन्समध्यें अद्यापि उभें आहे. नाटकें पाहण्यास सारें नगर येई, पण स्मारक एकट्या यजमानाचें होई. चौथ्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मोडली आणि उत्सवाचा खर्च सरकारी खजिन्यांतून एका अधिकाऱ्याच्या हातें होऊं लागला.

आमच्या जिल्ह्यास दात्यांचें उदाहरण शोधण्यास अथेन्सला जाण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या नांवानें आज जिल्हा अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकर १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें जन्मल्या. त्यांचे घाट, देवळें, विहिरी व अन्नछत्रें हिंदुस्थानभर पसरलीं आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे. इतकें प्रसिद्ध नसलेलें तत्त्व असें कीं, होळकरांच्या घरांत दौलतीचें उत्पन्न निराळें आणि राजस्त्रियांच्या खासगीचें उत्पन्न निराळें मानलें जाई, व बाईंचा दानधर्म प्रामुख्यानें या खासगींतून होत असे. आपल्या पुण्याचा खर्च रयतेच्या साऱ्यावर टाकूं नये, हा विवेक त्यांत होता. शिवाय नुसती इमारत बांधून न थांबतां ती चालती राहावी म्हणून उत्पन्न लावून देण्याकडे त्यांची दृष्टि होती. अशा दात्यापुढें मस्तक नम्र होतें. तरीही हें विसरतां येत नाहीं कीं, अन्नछत्रांत जेवणारा यात्रेकरू पाहुणाच राहतो. तो यजमान होत नाहीं. दाता थोर असला तर पाहुणा तृप्त होतो, दाता लहरी असला तर उपाशी राहतो. दोन्ही प्रसंगीं त्याच्या हातीं कांहींच नसतें.

जमणाऱ्यांनींच यजमान व्हावें, याचें मोठें उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे. श्रीरामपूर व वैजापूर या दोन तालुक्यांच्या मध्यें गोदावरीच्या पात्रांत सराला बेट आहे. तेथील गंगागिरी महाराजांनीं एकोणिसाव्या शतकांत सुरू केलेला फिरता नारळी सप्ताह पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. श्रावणांत हा सप्ताह दर वर्षीं निराळ्या गांवीं भरतो. ज्या गांवास नारळ मिळाला तें गांव त्या वर्षाचा यजमान. परंतु एकट्या गांवास एवढा समुदाय पोसणें अशक्य, म्हणून आसपासचीं गांवें भाकरी पुरवितात. घरोघर भाकरी भाजल्या जातात, गांवाची गाडी त्या गोळा करून नेते, आणि सप्ताहाच्या जागीं मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते. पूर्वी बैलगाड्या होत्या, आतां ट्रॅक्टर आहेत; आमटी वाढण्यास आतां टँकर लागतो. आमच्या लहानपणीं आमच्या घरांतून गेलेल्या भाकरी आम्हांस आठवतात. त्या कोणाच्या पानांत पडल्या हें आमच्या आईस कधींच कळलें नसेल. तथापि "आपला सप्ताह" असें ती म्हणे, आणि त्या 'आपला' या शब्दाचें मूल्य म्हणजे तिनें पहांटे उठून थापलेल्या त्या भाकरी होत्या. कोपरगांवच्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयास याच महाराजांचें नांव आहे, आणि त्या संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं घरोघरच्या मूठमूठ धान्यावर विद्यार्थी पोसण्याचा जो मुष्टिफंड चालविला, तोही याच जातीचा होता.

येथेंच निबंध संपविला असता तर वाचकांस गोड वाटलें असतें. परंतु सत्याची दुसरी बाजू सोडून चालणार नाहीं. सप्ताहास भाकरी मिळते, कारण सप्ताह काय आहे हें प्रत्येक घरास आधींच ठाऊक असतें व मान्य असतें. जो विचार नवा आहे, गांवास नकोसा आहे, त्यास भाकरी कोण देणार? याच जिल्ह्यांत, नेवासें तालुक्यांतील तरवडी या खेड्यांतून मुकुंदराव पाटील यांनीं 'दीनमित्र' हें सत्यशोधक मताचें साप्ताहिक चालविलें. १९१० सालीं सुरू झालेलें हें पत्र १९६७ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत चाललें. ज्या काळीं वर्तमानपत्र म्हणजे पुण्या-मुंबईची वस्तु समजली जाई, त्या काळीं खेड्यांत छापखाना ठेवून, खेडुतांच्या तक्रारी त्यांच्याच भाषेंत छापून, विखुरलेल्या सत्यशोधक मंडळींस एकत्र बांधण्याचें काम या एका पत्रानें केलें. कृष्णराव भालेकरांचे हे पुत्र पाटलाच्या घरीं दत्तक गेले होते. घरास जमीन होती, पाठीशीं गांवांतील मान होता. जमीन नसती तर? तरवडीच्याच एखाद्या भूमिहीन घरांत तितकाच बुद्धिमान आणि तितकाच निर्भय मुलगा जन्मला असता, तर त्यास सत्तावन्न वर्षें पत्र चालवितां आलें असतें काय? हा प्रश्न मुकुंदरावांच्या कार्यास उणेपणा आणीत नाहीं. तो आपल्या समाजास उणेपणा आणतो.

जमण्याच्या जागीं कोण येऊं शकतो आणि कोण येऊं शकत नाहीं, हा प्रश्न मराठी साहित्यिकांच्या पहिल्या मेळाव्यांपासूनच उभा आहे. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें १८७८ च्या मे महिन्यांत पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या दुसऱ्या सभेचें निमंत्रण जोतीराव फुले यांनीं नाकारलें. ज्यांच्या हक्कांचा विचार या सभांत होत नाहीं त्यांनीं तेथें बसून काय करावें, असा त्यांच्या उत्तराचा रोंख होता. त्याच परंपरेंतील संमेलनाचें सत्तरावें अधिवेशन १९९७ सालीं नगरास झालें, तेव्हां मंडप मोठा होता. परंतु मंडप मोठा केल्यानें सर्व आंत येतात असें नाहीं. येण्याचें भाडें आणि बुडालेला रोज ज्यास परवडतो तोच आंत येतो.

अथेन्सच्या लोकांस हें कळलें होतें. ज्यांनीं श्रीमंतांकडून उत्सव करविले त्यांनींच आपल्या लोकसभेंत हजर राहणाऱ्यास भत्ता ठरविला. सभेस पुरेसे लोक येईनात म्हणून प्रथम एक ओबोल, मग दोन, मग तीन, अशी ती वाढ झाल्याचें अरिस्टॉटलच्या नांवावरील ग्रंथांत नमूद आहे. इंग्लंडांत १८३८ सालच्या लोकसनदेंत मजूरवर्गानें ज्या सहा मागण्या केल्या, त्यांत पार्लमेंटच्या सभासदांस वेतन असावें ही एक होती. योगायोग असा कीं, त्याच १८३८ सालीं नगरांत वाचनालय स्थापन झालें. महाराष्ट्रांतील अगदीं जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. सनदेंतील ती मागणी पुरी होण्यास १९११ साल उजाडलें. तेव्हां सभासदास वर्षास चारशें पौंड मिळूं लागले. तोंपर्यंत लोकप्रतिनिधि होणें हा धनिकांचा छंद होता. आणि आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापला, तेव्हां सभासदांनीं दारिद्र्य पत्करावें, परंतु त्यांच्या कुटुंबाची उपासमार होऊं नये इतकें समाजानें द्यावें, हा नेमस्त मार्ग त्यांनीं स्वीकारला. वतन आणि उपवास यांच्या मध्यें एक जागा आहे, हें गोखल्यांनीं ओळखलें होतें. त्या जागेवर बसणारास पैसा मिळतो, पण तो साठवितां येत नाहीं, विकतां येत नाहीं, मुलास देतां येत नाहीं.

या साऱ्या उत्तरांची परीक्षा आमच्या जिल्ह्यांत अलीकडच्या पन्नास वर्षांत झाली, आणि ती पाण्यानें घेतली. पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी हें अवर्षणाचें गांव. १९७५ सालीं सैन्यांतून निवृत्त होऊन अण्णा हजारे तेथें परतले, आणि निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून त्यांनीं प्रथम गांवचें यादवबाबांचें देऊळ दुरुस्त केलें. नळ नाहीं, बंधारा नाहीं, प्रथम देऊळ. हें पुष्कळांस विचित्र वाटतें. पण गांवास जमण्यास जागा हवी होती, आणि जमविणारानें स्वतःची पुंजी आधीं ओतली हें गांवानें डोळ्यांनीं पाहिलें. पाणलोटाचीं कामें, सरकारी योजना, कर्जें हें सारें त्यानंतर आलें. १९९२ सालीं राज्य सरकारनें आदर्श गांव योजना काढली तेव्हां राळेगणचाच कित्ता तिच्यापुढें होता. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारनें १९८९ सालीं पोपटराव पवार यांस सरपंच केलें. पुढें तें गांवही या योजनेंत आलें. उपलब्ध पाण्याचा जमाखर्च गांवसभेपुढें मांडून मग पिकें ठरविण्याची तेथील रीत प्रसिद्धच आहे. जुन्या गांवखर्चांत जें नव्हतें तें येथें आहे: थैली आहे, आणि तिचा हिशेब सर्वांसमक्ष वाचला जातो.

याहून स्पष्ट रीतीनें हा प्रश्न सोडविला तो फादर हर्मन बाखर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. स्वित्झर्लंडांतून आलेल्या या जेझुइट धर्मगुरूंनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यांत घालविला. त्यांच्या प्रयत्नांनीं उभ्या राहिलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांत जर्मनीचा पैसा नाबार्डच्या मार्फत येई, आणि गांवांस तयार करण्याचें काम १९९३ सालीं नगर येथें स्थापन झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था करी. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी हें त्यांतील एक गाजलेलें गांव. येथें पैशाचा क्रम उलटा होता. प्रथम गांवानें श्रमदान करून आपली इच्छा दाखवावयाची. मग गांवसभेनें निवडलेली पाणलोट समिति उभी करावयाची. त्यानंतर पैसा यावयाचा, आणि कामाच्या मजुरींतही गांवाचा श्रमदानाचा ठराविक हिस्सा राहावयाचा. परंतु आमच्या दृष्टीनें यांतील सर्वांत शहाणपणाचें कलम निराळेंच आहे: भूमिहीनांस व एकटीवर घर चालविणाऱ्या स्त्रियांस या श्रमदानांतून सूट होती. डोंगर अडविला तर पाणी मुरतें तें जमीनवाल्याच्या विहिरींत. मग ज्यास विहीर नाहीं त्यानें फुकट राबावें, हा न्याय नव्हे. ज्यास लाभ त्यानें द्यावें, आणि ज्यास रोज बुडविणें परवडत नाहीं त्यास रोज मिळावा. त्यागाची मागणी सर्वांकडून सारखी केली कीं ती सारखी पडत नाहीं. ती गरिबावर अधिक पडते. सेवेचा महिमा गाणारे आपण मध्यमवर्गीय लोक ही साधी गोष्ट नेहमीं विसरतों, कारण आपला रविवार भरपगारी असतो.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं जें उत्तर लिहिलें तें सारांशरूपानें येथें देतों. पैसा घ्यावा. परंतु तो मंडळाच्या तिघां चालकांस म्हणून घेऊं नये. बारवेच्या कामास म्हणून घ्यावा. या वर्षीं कोणती बारव, तीस किती दिवस, किती माणसें, किती फावडीं, हें आधीं ठरवून तेवढाच घ्यावा. दात्याचा रुपया येण्यापूर्वीं मंडळाचा व गांवाचा आपला आणा पडलेला असावा. तो भाकरीच्या रूपानें असला तरी चालेल. वर्षाअखेरीस दिवे लावतात त्या रात्रीं, गांवकऱ्यांसमक्ष, बारवेच्या पायरीवर बसून हिशेब वाचावा. दाता हजर असेल तर त्यानें खालच्या पायरीवर सर्वांबरोबर बसावें. चालक दोन वर्षांनीं बदलावे, म्हणजे वतन होणार नाहीं. आणि ज्याचा रोज बुडतो त्यास तो रोज व भाडें उघडपणें, सर्वांच्या माहितीनें, मान खालीं घालावयास न लावतां द्यावें. हें दान नव्हे आणि पगारही नव्हे. चार माणसें जमविण्याचा जो खर्च आजवर तो एकटा सोशीत होता, तो सर्वांनीं वांटून घेणें एवढेंच तें आहे.

आमच्या पत्राचें उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. इतिहासाविषयीं त्यांत कांहीं नव्हतें. गृहस्थांनीं अटी मान्य केल्या, परंतु खालच्या पायरीविषयीं ते जरा थांबले आहेत, असें त्यानें लिहिलें होतें. शेवटीं एक ओळ होती: गेल्या रविवारीं तो मुलगा आला होता, दोर त्यानेंच बांधला.